करदोड्याखालचा गोचीड

माणसाच्या अंगाला गोचीड चिकटला की माझ्या मामाच्या गावातले लोक जे जे करतात, ते सगळं चुकीचं असतं. कुणी त्याला पेटत्या बिडीचा चटका देतं. कुणी रॉकेल लावतं. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मोटारसायकलच्या टाकीत चिंधी बुडवून पेट्रोल लावतात, आणि बिडी तोंडात तशीच असते. कुणी चुना थापतं. जे स्वतःला अनुभवी समजतात ते त्याला नखाने उपटतात आणि दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये धरून चिरडतात. 'टच्च' असा आवाज आला की हात पायजम्याला पुसतात आणि समाधानाने इकडेतिकडे बघतात.

माझा मामा फार अनुभवी होता.

त्याचं गाव नरखेड तालुक्यात. संत्र्याची बाग, थोडी कपाशी, एक विहीर आणि एक बैलजोडी. गावात बहुतेकांनी बैल विकले. मामाने ठेवले, कारण संत्र्याच्या दोन ओळींमधून ट्रॅक्टर गेला की फांद्या मोडतात आणि ट्रॅक्टरवाला म्हणतो, झाडंच चुकीच्या जागी लावली. बैल असं काही म्हणत नाही. शिवाय बैल नसला तर पोळ्याला तोरणाखाली काय घेऊन उभं राहायचं, हा मामाचा खरा प्रश्न होता. मोटारसायकलला झूल घालून नेणारे लोकही आता आहेत, पण मामा त्यांच्याशी त्या दिवशी बोलत नाही.

मी नागपुरात, सक्करदऱ्यात वाढले, पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये. बाबा आयुष्यभर पत्रकं काढत आले. नळाला पाणी नाही, पत्रक. तलावात घाण सोडली, पत्रक. एखादा बाबा-बुवा हवेतून अंगारा काढतोय, दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक. आमच्याकडे सणाला गोड कमी आणि छापील मजकूर जास्त असायचा. त्यामुळे आमच्या वस्तीतल्या मंडळाने मामाच्या गावात आरोग्य शिबिर घ्यायचं ठरवलं तेव्हा गोचिडांवरचं पत्रक मीच लिहिणार, यात कुणाला शंका नव्हती.

चांगलं पत्रक होतं ते, अजूनही मी त्याच्या बाजूने उभी आहे. शेतात, गवतात, गोठ्यात जाताना अंगभर कपडे घाला, पायजमा मोज्यात खोचा. परत आल्यावर अंघोळ करा आणि सगळं अंग तपासा: कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, जिथे जिथे कपडा घट्ट बसतो तिथे. गोचीड दिसला तर चटके देऊ नका, तेल-पेट्रोल ओतू नका. त्याने तो चिडतो आणि पोटातले जंतू आणखी सोडतो. बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीजवळ धरा, सरळ वर ओढा, पिळू नका. जागा साबणाने धुवा. पुढच्या पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरला आधी गोचिडाचं सांगा. जनावरांना पशुवैद्यकाकडून औषध लावून घ्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत: लाजू नका.

मामाने ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. मोज्यांपाशी आल्यावर थांबला.

“पोरी, मोजे घालून गोठ्यात जाऊ? बैल हासतीन ना वं.”

“हसू दे. ताप आला तर दवाखान्यात बैल नाही, तू जाशील.”

“लेख चांगला आहे तुहा,” तो म्हणाला. “पन याच्यात बैलाची बाजू कोठी आहे?”

मग मामीने त्याच पत्रकात पोळ्यासाठी आणलेला गुलाल बांधून ठेवला. माझ्या लेखनाचा इतका रंगीत उपयोग त्याआधी झाला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांना नाल्यावर धुतात, हळद आणि लोण्याने त्यांचे खांदे शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात. मामाचा त्यात स्वतःचा एक नियम होता. सणाच्या आधीचा सगळा आठवडा बैलाला गोचिडांचं औषध लावायचं नाही. पशुवैद्यकाने दिलेली बाटली गोठ्याच्या खुंटीला टांगलेली असायची आणि मामा तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. त्याचं म्हणणं, घरची बाई उद्या ज्याचे पाय धुणार, ज्याच्या कपाळाला कुंकू लावणार, ज्याला पुरणपोळी भरवणार, त्याच्या अंगाला विषाचा वास येता कामा नये. पाहुण्याला जेवायला बोलावून त्याच्यावर फवारणी करतात का?

तर्क म्हणून मला तो आवडला. परिणाम असा, की पावसाळ्याच्या भरात आठवडाभर मोकळे सुटलेले गोचीड बैलांच्या मानेखाली, शेपटीखाली, कानांत तुरीच्या दाण्यांसारखे टरारून बसले. ते सणाआधी काढायचे कसे? तर हाताने. मामा उघड्या अंगाने, पायजमा मांड्यांपर्यंत गुंडाळून बैलाच्या पोटाखाली शिरला आणि एकेक उपटायला लागला.

“मामा, हातमोजे घाल.”

“हातमोज्यानं हात लावला तर त्याले वाटन डॉक्टर आला. लाथ मारन.”

“निदान चिरडू नको. त्याचं रक्त तुझ्या बोटांना लागतंय.”

“रक्त कोनाचं? माह्याच बैलाचं. घरचंच हाय ते.”

टच्च.

“अन् तू तिथून बाजूले हो,” मामी मला म्हणाली. “उगा तुह्या अंगावर चढन एखादा. यायले काई होत नाई, यायचं चामडं बैलाचंच आहे.”

पोळा झकास झाला. मामाची जोडी तोरणाखाली सगळ्यांत देखणी होती आणि एकाच्याही अंगावर गोचीड नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर मारबत जाळायला नेली. आमच्या नागपूरकडचा हा दुसरा सण. बाहुली करायची आणि गावाची सगळी पीडा तिच्या गळ्यात घालून तिला हाकलायचं. पोरं ओरडत होती, खोकला घेऊन जाय गे मारबत, ताप घेऊन जाय गे मारबत. मामाही ओरडला, “गोचीड घेऊन जाय गे मारबत!” मारबतीने ऐकलंही असेल. पण तेव्हा एक गोचीड मामाच्या कंबरेला धरून बसला होता, आणि तो काही तिच्या मिरवणुकीत गेला नाही.

हे आम्हाला नंतर कळलं. आधी ताप आला.

मी तोवर नागपूरला परतले होते. पुढच्या आठवड्यात मामीचा फोन आला की मामाला थंडी वाजून ताप येतोय, डोकं फुटायला आलंय. गावातल्या डॉक्टरने सलाईन लावली. आमच्याकडे सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असं पेशंटही मानत नाही आणि डॉक्टरही. त्या डॉक्टरला मी फोनवर गोचिडांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “ताई, गोचीड ढोरांना चावतात.” सलाईन संपली, दुसरी लागली, ताप हलला नाही. मामाच्या मनगटांवर आणि तळहातांवर लाल ठिपके उठले. मामी म्हणाली, उष्णता आहे. मग एका सकाळी मामा अंगणात उभा राहून नसलेल्या बैलाला हाकलायला लागला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला गाडीत घातलं आणि नागपुरात, धंतोलीत आणलं.

विदर्भातला अर्धा ताप धंतोलीत येऊन झोपतो. एका गल्लीत इतके दवाखाने, की रुग्ण चुकून शेजारच्या दारात शिरला तरी त्याला भरती करून घेतील. मामाला ज्या दवाखान्यात ठेवलं तिथली डॉक्टर माझ्याहून थोडीच मोठी असेल. तिने मामाला तपासलं, रिपोर्ट पाहिले, आणि मला आणि मामीला बाहेर घेऊन गेली.

“त्यांना डेंग्यू आहे असं सगळे धरून चाललेत, पण टेस्ट निगेटिव्ह आहे. प्लेटलेट्स उतरतायत, आता किडनीवर ताण दिसतोय. कारण हाती लागलं नाही तर संध्याकाळी आयसीयूत हलवावं लागेल. तिथे गेल्यावर काय होईल, हे मी आज सांगू शकत नाही.”

मामी टॉवेलची घडी घालत होती. तिने ती तशीच अर्धवट धरून ठेवली.

मी पोळ्याचं सगळं सांगितलं. पोटाखाली शिरणं, नखं, टच्च. डॉक्टर ऐकत असताना तिचा चेहरा बदलत गेला. “अंगावर कुठे काळी खपली आहे का?” तिने विचारलं. “गोचीड किंवा त्याच्या जातीतला किडा चावतो तिथे कधीकधी असते. ती दिसली तर मला दुसऱ्या कशाची वाट बघायची गरज नाही.”

“पाठीवर नाई,” मामी म्हणाली. “बाकी मले कसं माहीत? ते मले कुठं दाखवतात.”

डॉक्टर मामीला घेऊन आत गेली आणि पडदा ओढून घेतला. मी पडद्याच्या अलीकडे उभी राहिले. पुढचं बरंच मी फक्त ऐकलं.

“काका, पूर्ण अंग बघायचंय.”

“छाती पाहा, पाठ पाहा. पाह्यलीच तुमी.”

“कंबर राहिली.”

“कंबरेले काय झालं? ताप डोक्यात आहे माह्या.” मामाचा आवाज क्षीण होता, पण अकड शाबूत होती.

“तिथं खाजवत होते हो मॅडम,” मामी म्हणाली. “घरी असतानापासून.”

“अवं तू चूप बैस ना वं.”

मग कपडा सरकल्याचा आवाज आला आणि डॉक्टर म्हणाली, “अरे बापरे. हे काय आहे?”

तो करदोडा होता. पुरुषांनी कंबरेला काळा दोरा बांधायचा ही आमच्याकडची जुनी रीत, आणि जिवंत माणसाची कंबर त्याशिवाय राहू द्यायची नाही हीसुद्धा. लोक जुना झाला की बदलतात. मामा बदलत नव्हता, दर वर्षी वरून नवा बांधत होता. त्यामुळे मामाच्या कंबरेला दोरा नव्हताच, दोरखंड होता. घाम, माती, शेणाची धूळ आणि जुन्या तेलाने घट्ट झालेला पट्टा. त्याच्याखाली काय आहे हे मामालाही माहीत नव्हतं.

“हा कापावा लागेल, काका. तो सरकत नाहीये.”

“नाई.”

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“बाई, हा करदोडा कधी तुटते माहीत आहे तुमाले? मानूस तिरडीवर ठेवल्यावर. मी अजून आहो.”

मामी रडायला लागली. आता माझी पाळी होती, आणि मी ती सोडली नाही. पडद्यातूनच मी सांगितलं की मामा, दोरा तोडल्याने कुणी मरत नाही, गोचिडाने माणूस मरतो. दोरा हा दोरा आहे. कापूस पिकवणाऱ्या माणसाने सुताला घाबरावं यासारखी दुसरी शरमेची गोष्ट नाही. अजूनही बरंच सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी “वा” म्हटलं.

“पोरी,” मामा आतून म्हणाला, “तुहं पत्रक बंद कर. माह्या डोक्यात घन पडून राहिले.”

तेवढ्यात बाबा डबा घेऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि मोठ्या आशेने बाजूला सरकले. ज्या माणसाने हयातभर गंडे, ताईत आणि दोऱ्यांविरुद्ध लिहिलं, तो आता आपल्या मेहुण्याला दोन वाक्यांत सरळ करेल.

बाबांनी डबा खुर्चीवर ठेवला. चष्मा पुसला. जमिनीकडे बघत म्हणाले, “आधी नवा बांधायचा, मग जुना कापायचा. म्हणजे कंबर रिकामी राहत नाही. तेवढं केलं तर तो नाही म्हणणार नाही.”

“तुम्हाला कसं माहीत?”

बाबा पुन्हा चष्मा पुसायला लागले.

“बाबा. तुम्ही?”

“पायजमा थांबत नाही गं त्याच्याशिवाय,” ते हळूच म्हणाले.

“पायजम्याला नाडी असते!”

“नाडीवर माझा विश्वास नाही.”

या घडीला मी वैचारिक घटस्फोट घेऊ शकले असते, पण संध्याकाळ जवळ येत होती. मी खाली पळाले. दवाखान्यासमोर ताडपत्रीखाली एक दुकान होतं, जिथे नारळपाणी, प्लास्टिकचे मग, टूथब्रश, बेडपॅन, लिंबू-मिरची आणि काळे दोरे शेजारी शेजारी टांगलेले होते. विज्ञान आणि अंधश्रद्धा एकाच खिळ्याला. हे दुकानही त्या गल्लीतल्या उपचाराचाच भाग होतं, इतकंच की त्याच्यावर कुणी डिग्री लिहिली नव्हती.

“काळा दोरा द्या. कमरेचा.”

“मरीज का है? मोटा है या पतला?” दुकानदाराने विचारलं.

“जाड आहे, पण उतरतोय.”

“तो लंबा लो. ठीक होके फिर फुलेंगे.”

दिवसभरात मामा बरा होईल असं म्हणणारा तो पहिला माणूस होता. मी दोरा घेतला आणि जिना धावत चढले. जन्मात पहिल्यांदा असली वस्तू विकत घेतली होती, आणि ती दुसऱ्या कुणी हिसकावून घेईल की काय अशी मुठीत धरली होती.

पडद्याआड मामीने नवा दोरा मामाच्या बरगड्यांखाली बांधला. गाठ मारल्याची खात्री मामाने स्वतः हाताने केली. मग कात्री चालू झाली. ती बराच वेळ चालली. दोरे एकामागून एक तुटत होते आणि मामी प्रत्येकाला “बाप्पा” म्हणत होती.

शेवटचा दोरा तुटला आणि कात्री थांबली.

“आहो का मी?” मामाने विचारलं.

“आहात, काका,” डॉक्टर म्हणाली. आणि मग तिच्या आवाजात इतका आनंद होता की तो त्या जागी जवळजवळ असभ्य वाटला: “आणि हे बघा, मिळालं!”

तिने पडदा बाजूला सारला. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी काळी, गोल खपली, भोवती लाल कडं. बरोबर पट्ट्याच्या मधोमध खाली. गोचीड स्वतः पोट भरून कधीच गळून गेला असणार. बाकीच्या अंगावर मामाने हात फिरवला असता, मामीने पाहिलं असतं, अंघोळीच्या पाण्याने तरी गाठलं असतं. या एका जागेला कुणीच हात लावणार नाही, हे त्या किड्याने आमच्यापेक्षा चांगलं ओळखलं होतं.

डॉक्टरने शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. ते आले, मग आणखी आले, कुणीतरी फोटो काढू का विचारलं. मामाने टॉवेल तोंडावर ओढला. “साऱ्या धंतोलीले बोलवा,” तो टॉवेलमधून म्हणाला. “माही कंबर पाहाले तिकीट ठेवा.”

डॉक्टर बाहेर आली आणि समजावून सांगितलं. गोचिडाच्या लाळेतून एक जंतू अंगात जातो, त्याने असा ताप येतो. डेंग्यूच्या दिवसांत सगळे डेंग्यूच शोधतात आणि हा मागे राहतो. औषध जुनं आणि साधं आहे, मात्र वेळेत द्यावं लागतं. रक्ताचा नमुना पाठवतेय, पण रिपोर्टची वाट बघणार नाही, औषध आत्ता सुरू करतेय. संध्याकाळी आयसीयूचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, उद्या सकाळपर्यंत इथेच बघू.

सकाळी ताप थोडा उतरला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मामाने डोळे उघडून आधी विचारलं की बैलांना कडबा कोण घालतंय, आणि मग विचारलं की या दवाखान्यात भाकर मिळते की फक्त हा पांढरा पाव. मामी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ पदराने खिडकीच पुसत होती.

मामा घरी आल्यावर आठवडाभर गाव त्याला बघायला येत होतं. मी सुट्टी काढून तिथेच होते. आजारी माणसाला बघायला आलेले लोक साधारणपणे चहा पितात, स्वतःच्या आजाराबद्दल बोलतात आणि जातात. मामा त्यांना तसं जाऊ देत नव्हता. जो येईल त्याच्यासमोर सदरा वर करायचा, पायजमा खाली सरकवायचा आणि वाळत आलेला तो डाग दाखवायचा.

“पाह्य. इथं बसला होता साला. गुपचूप.”

“डॉक्टरीनबाईले दाखवाले लाज वाटत होती,” मामी आतून म्हणाली. “अन् आता वाटसरूलेही सोडून नाई राहिले.”

“तवा ताप होता ना वं मले.”

एके दिवशी ओसरीवर आलेल्यांपैकी एक जण मामाचा लहानपणापासूनचा दोस्त होता, गावातला सगळ्यांत मोठा आवाज. तो खूप हसला. कंबरेत गोचीड, म्हणे. बैलानं बांधला असन तुह्या कंबरेले, म्हणे. मामाने त्याला हसू दिलं. मग शांतपणे विचारलं, “तुहा कवाचा हाय गा?”

“काय?”

“करदोडा.”

तो हसायचा थांबला. बाकीच्यांनीही कप खाली ठेवले. एकेकाचा हात नकळत सदऱ्यावरून कंबरेपाशी गेला. सगळ्यात आधी एक म्हातारा उठला आणि ‘आलोच’ म्हणत गोठ्यामागे गेला. मग दुसरा. मोठ्या आवाजाचा दोस्त बराच वेळ बसून राहिला. मग तोही उठला.

मामीने दारातून पाहिलं. “लघवीले चालले का सारेच?”

“नाई,” मामा म्हणाला. “वाचाले गेले. इचं पत्रक.”

दोस्त परत आला तेव्हा पायजमा सावरत होता आणि त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. तो मामाकडे न बघता सरळ माझ्यापाशी येऊन बसला.

“पोरी, ते तुही डॉक्टरीनबाई... धंतोलीत नेमकी कोठी बसते वं?”

“का हो काका, ताप आहे का?”

“ताप नाई,” तो म्हणाला. “पन इचारून ठेवतो.”